सी ड्राइव्ह कोण भरतंय?

जून उजाडला की गोंदिया जिल्ह्यातल्या सेवा केंद्रांतून येणाऱ्या फोनचा विषय बदलतो. एरवी प्रिंटर कागद ओढत नाही, बायोमेट्रिकचं यंत्र म्हाताऱ्या माणसाचा अंगठा घेत नाही, अशा तक्रारी असतात. जूनमध्ये मात्र सगळीकडून एकच ऐकू येतं, "सी ड्राइव्ह पुन्हा लाल झाला जी." दहा टक्क्यांपेक्षा कमी जागा उरली की विंडोज डिस्कची निळी पट्टी लाल करतं. तेवढ्यानं काम थांबत नाही. ते थांबतं पुढच्या आठवड्यात, आणि नेमकं गर्दीच्या वेळी. डाउनलोड अर्ध्यावर तुटतो, स्कॅनर चौथ्या पानावर अडकतो, पोर्टलचं पान पांढरं होऊन बसतं. बाहेरच्या बाकड्यावर निकाल हातात घेतलेली पोरं, त्यांच्या आया, एखादे आजोबा. कुणाला उत्पन्नाचा दाखला हवा असतो, कुणाला जातीचा, कुणाला नॉन-क्रिमिलेअर, कुणाला अधिवास. प्रवेशाची शेवटची तारीख उद्याची.

या दुखण्यावर एक ठरलेला विधी आहे आणि तो शाळकरी पोरालाही येतो. विंडोजची कळ आणि आर दाबायचं, 'टेम्प' लिहायचं, जे दिसेल ते निवडून उडवायचं. मग टक्क्याच्या खुणांमधलं दुसरं टेम्प. मग प्रीफेच. शेवटी रिसायकल बिन रिकामा करायचा. प्रीफेचमधून मोजके मेगाबाइट सुटतात आणि विंडोज ते पुन्हा तयार करतं, पण विधीत आहे म्हणून सगळे करतात. पाच-सात जीबी मोकळे होतात, पट्टी निळी होते, मेकॅनिक दोनशे रुपये घेऊन जातो. आठवड्यानं पुन्हा लाल. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी कंटाळून कुणीतरी म्हणतं, "फॉरमॅट मारून द्या." फॉरमॅट मारलं की काही महिने खरंच बरं वाटतं, कारण रोग आणि रोगी दोघंही एकदम पुसले जातात. त्यानंतर प्रिंटरचे ड्रायव्हर, अंगठ्याच्या यंत्राची आरडी सर्व्हिस, डिजिटल सहीचं टोकन, सगळं नव्यानं बसवा. त्यात केंद्राचा अख्खा दिवस जातो.

म्हणून मी फोनवर पहिला प्रश्न विचारतो तो 'किती भरलंय' असा नसतो. मागच्या वेळी साफ केलं तेव्हा किती मोकळं झालं होतं आणि ते कधी भरलं, हे विचारतो. याचं उत्तर बहुधा कुणाकडे नसतं. आमच्या भागात मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, पाहिजे तितके आहेत. पाणी काठावर आलं तर माणूस आधी वरच्या अंगाला जाऊन कोणता नाला सुटलाय ते बघतो, बादली घेऊन उपसत बसत नाही. कॉम्प्युटरपुढे बसल्यावर मात्र सगळे बादली घेतात.

अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एका केंद्राचा फोन आला तेव्हा मात्र केंद्रचालकानं आकडा सांगितला. "सोमवारी साप केलो त अकरा जीबी खाली झाला. शनवारी पाहतो त चार. मी काही ठेवूनच नाही राहिलो, तरी भरून राहिली." पाच-सहा कामाच्या दिवसांत सात जीबी, म्हणजे दिवसाला एक जीबीहून जास्त. दाखल्याची एक पीडीएफ काही शे केबीची असते. त्या हिशेबानं रोज हजारांनी दाखले निघायला हवेत. निघत होते तीस-चाळीस. एवढं ऐकल्यावर फोनवर उपाय सांगण्यात अर्थ नव्हता. गोंदिया-बल्लारशा मार्गावरची सकाळची गाडी धरली. सौंदड गेलं की दोन्ही बाजूंना जंगल आणि धानाच्या बांध्या, पऱ्हे टाकायची लगबग, आणि अर्जुनी.

केंद्र म्हणजे बारा बाय दहाची खोली. एक कॉम्प्युटर, एक लेझर प्रिंटर, एक रंगीत प्रिंटर, सपाट काचेचा स्कॅनर, कोपऱ्यात कॅमेऱ्यांचा डीव्हीआर. चालक पस्तिशीतला, मदतीला बारावी झालेला एक पोरगा. कॉम्प्युटर जुना, पण दोन वर्षांपूर्वी कुणीतरी त्यात २४० जीबीची एसएसडी बसवली होती. ही शस्त्रक्रिया सध्या सगळीकडे चालते. फिरत्या तबकडीची ५०० जीबीची हार्ड डिस्क काढायची, तिच्या जागी एसएसडी टाकायची. पाच मिनिटांत सुरू होणारं यंत्र वीस सेकंदांत सुरू होतं आणि गिऱ्हाईक खूश. जागा मात्र निम्म्याहून कमी झाली, हे कुणी मुद्दाम सांगत नाही. त्यात खोक्यावर २४० लिहिलेलं असलं तरी विंडोज २२३च दाखवतं. यात फसवणूक नाही. कंपनी एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरते, आणि विंडोज १०२४चा तीनदा गुणाकार करून येणारा आकडा धरतं.

त्या २२३ पैकी २१९ भरले होते.

अशा वेळी मी डिस्कचा नकाशा काढतो. विनडिरस्टॅट नावाचा फुकट प्रोग्रॅम आहे. तो सगळ्या फाइली मोजतो आणि पडद्यावर रंगीत चौकोनांची गोधडी अंथरतो. फाइल जितकी मोठी, तितका तिचा चौकोन मोठा. या नकाशाचा जन्मच आमच्यासारख्या तक्रारीतून झालेला आहे. १९९० साली अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठात बेन श्नायडरमन यांच्या प्रयोगशाळेत ८० मेगाबाइटची एक डिस्क होती आणि ती चौदा जण मिळून वापरत. ती सारखी भरायची आणि कुणी भरली ते कळायचं नाही. फोल्डरांच्या उतरंडी वाचून वैतागलेल्या श्नायडरमन यांनी आयताच्या पोटात आयत बसवून सगळी डिस्क एका पडद्यावर दाखवायची युक्ती काढली. त्याला ट्रीमॅप म्हणतात. तेव्हा अख्ख्या प्रयोगशाळेला पुरवलेले ते ८० मेगाबाइट आज एका कागदालाही कमी पडतात. ए-फोर आकाराचं पान ६०० डीपीआयवर रंगीत स्कॅन केलं आणि दाबून लहान केलं नाही, तर ते १०४ मेगाबाइटचं होतं. हा आकडा पुढे कामाला येणार होता.

नकाशात पहिल्यांदा नजरेला आले ते ओळखीचे चौकोन. हायबरनेशनची फाइल तीन-साडेतीन जीबीची. हे यंत्र कधी हायबरनेट करत नाही, दुपारी लाइन गेली की नुसतं बंद पडतं. ती फाइल एका आज्ञेनं काढून टाकली. पेजफाइल होती, तिला हात लावला नाही. विंडोजचं विनएसएक्सएस फोल्डर होतं. ते बघून नवखी माणसं घाबरतात आणि हातानं उडवायला जातात. त्या फोल्डरातल्या कितीतरी फाइली दोन ठिकाणी दिसतात पण जागा एकदाच घेतात, त्यामुळे एक्सप्लोरर त्याचा आकडा फुगवून सांगतो. ते साफ करायचं तर विंडोजच्याच डिझम या आज्ञेनं करावं, डिलीटची कळ दाबून नव्हे. 'फाउंड डॉट ००० ' नावाची फोल्डरं होती. लाइन गेल्यावर डिस्क तपासताना सापडलेले फाइलींचे तुकडे त्यात गोळा होतात. गोंदियाच्या पावसाळ्यात वीज कडाडली की ही फोल्डरं हमखास एकदोनानं वाढतात, पण त्यांनी सात जीबी भरत नाहीत.

व्हॉट्सॲपचा चौकोन मोठा होता, अठरा जीबी. ॲपडेटाच्या खोल तळाशी ५३१९२७५ए अशा विचित्र आकड्यानं सुरू होणारं फोल्डर असतं, त्यात हा माल साठतो. हल्ली लोक कागद घेऊन येतात त्याहून जास्त वेळा कागदाचा फोटो पाठवतात. सातबारा, आधार, बँकेचं पासबुक. हिवाळ्यात धान विक्रीच्या नोंदणीला तर गावच्या गावं हेच तीन कागद पाठवतात. त्यात गावच्या ग्रुपवरचे लग्नाचे व्हिडिओ आणि सुप्रभातची फुलं. लाडकी बहीण योजनेच्या अर्जांचं, २०२४ च्या जुलैमधलं 'लाडकी' नावाचं फोल्डर वेगळंच होतं. त्यात हमीपत्रांचे स्कॅन, बायांचे फोटो, आणि प्रत्येक गोष्टीच्या तीन-तीन प्रती. एक मूळ, एक कापलेली, एक लहान केलेली. आपले सरकार पोर्टल कागदपत्र ७५ ते ५०० केबीच्या मापातच घेतं, म्हणून प्रत्येक स्कॅनची लहान आवृत्ती बनवावी लागते. लहान चढते, मोठी मागे राहते.

इथे कुणीही थांबलं असतं. व्हॉट्सॲप रिकामं करा, लाडकीचं फोल्डर पेन ड्राइव्हवर टाका, वीस-पंचवीस जीबी मोकळे, गोष्ट संपली. पण ही सगळी जुनी साठवण होती. रोज एक जीबी वाढवणारं त्यात काही दिसत नव्हतं. व्हॉट्सॲपच्या फाइली तारखेनं लावून पाहिल्या तर गेल्या आठवड्यात जेमतेम पाऊण जीबी आला होता.

दुसरं एक खटकत होतं. नकाशातल्या सगळ्या चौकोनांची बेरीज दीडशे जीबी येत होती. विंडोज म्हणत होतं २१९. एकूणसत्तर जीबी असे की जे कुठे आहेत ते नकाशाला माहीत नाही.

डिस्कच्या दुखण्यात मला सगळ्यात आवडणारी जागा हीच. दोन आकडे जुळत नाहीत म्हणजे मोजणाऱ्याला काही दारं बंद आहेत. साधेपणानं उघडलेला कुठलाही प्रोग्रॅम विंडोजच्या काही फोल्डरांत शिरू शकत नाही, आणि जिथे शिरता येत नाही तिथलं तो शून्य धरतो. बंद दारांची यादी तशी छोटी असते. एक सिस्टम व्हॉल्यूम इन्फर्मेशन, जिथे रिस्टोअर पॉइंट साठतात. त्याचा आकडा सिस्टम प्रोटेक्शनच्या खिडकीत दिसतो. तो होता पाच जीबी. उरले चौसष्ट.

मोजणीच्या या पद्धतीवर माझा विश्वास बसला तो काही वर्षांपूर्वी गोरेगाव भागातल्या एका कार्यालयात. तिथलं यंत्र विंडोज ७ चं. मायक्रोसॉफ्टनं विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० ला काढून घेतला, तरी आपल्याकडे ते पुढे बरीच वर्षं नांदलं. तिथे विंडोजच्या टेम्प फोल्डरात 'कॅब' नावानं सुरू होणाऱ्या, शंभरेक मेगाबाइटच्या शेकडो फाइली सापडल्या. उडवल्या की दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. कार्यालयातला कारकून रोज सकाळी दिवाबत्ती करावी तशा त्या उडवत असे. कारण भलतीकडेच होतं. विंडोज आपल्या अपडेटची एक नोंदवही लिहितं आणि ती वाढली की दाबून लहान करतं. दाबण्याचं काम मेककॅब नावाचा जुना प्रोग्रॅम करतो, आणि दोन जीबीपेक्षा मोठी फाइल त्याला झेपत नाही. त्या यंत्रावर नोंदवही दोन जीबीच्या पुढे गेली होती. मेककॅब दाबायला घेई, मध्येच हार मानी, अर्धवट तुकडा टेम्पमध्ये सोडून देई आणि थोड्या वेळानं पुन्हा पहिल्यापासून सुरू करी. सगळे तुकडे उडवत होते, नोंदवहीला कुणी हात लावत नव्हतं. विंडोज मॉड्यूल्स इन्स्टॉलर ही सेवा थांबवून ती एक फाइल हलवली आणि तुकडे यायचे थांबले. डिस्क भरणारी फाइल एक असते आणि ती भरवणारी दुसरी, हे तेव्हापासून डोक्यात बसलं आहे.

अर्जुनीच्या यंत्रावर विंडोज १० होतं, आणि टेम्पमध्ये कॅब नव्हते. नकाशाचा प्रोग्रॅम बंद केला, 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' म्हणून पुन्हा उघडला आणि चहा मागवला. मोजणी संपली तेव्हा पडद्याच्या उजव्या बाजूला आधी नसलेला एक भलामोठा पट्टा आला होता. एकाच रंगाचा. त्यात काही चौकोन ठसठशीत आणि बाकी सगळी बारीक रवाळ जाळी. पत्ता होता विंडोज, सिस्टम ३२, स्पूल, प्रिंटर्स. एकसष्ट जीबी.

प्रिंट दिल्यावर कागद लगेच बाहेर येत नाही. विंडोज आधी पानाची पूर्ण तयारी करून ती या फोल्डरात फाइल म्हणून ठेवतं आणि मग हळूहळू प्रिंटरला पाजतं. प्रत्येक कामाच्या दोन फाइली असतात. एसपीएलमध्ये पानावर काय छापायचं ते सगळं, आणि एसएचडीमध्ये कुणी, कोणत्या प्रिंटरवर, कोणत्या नावाचं काम पाठवलं याची चिठ्ठी. कागद छापून झाला की दोन्ही फाइली आपोआप पुसल्या जातात. म्हणून हे फोल्डर नेहमी रिकामं असायला हवं. फार तर अडकलेलं एखादं काम असावं.

इथे हजारो होत्या. सगळ्यात जुनीची तारीख गेल्या नोव्हेंबरमधली.

लेझर प्रिंटरची रांग उघडली. पडद्यावर खाली सरकत राहिलं तरी संपेना, आणि प्रत्येक ओळीपुढे 'प्रिंटेड' लिहिलेलं. म्हणजे छापून झालेलं, तरीही ठेवलेलं. प्रिंटरच्या प्रॉपर्टीजमध्ये ॲडव्हान्स्ड नावाचं पान असतं. तिथे 'कीप प्रिंटेड डॉक्युमेंट्स' अशी एक चौकट आहे. तिच्यात टिक होती. ही टिक विंडोज आपण होऊन करत नाही.

मदतनीस पोरगा लगेच बोलला, लपवालपवी काही नाही. "मीच केलो होतो जी. व्हिडिओत पाहलो." का केली, ते त्यानं जे सांगितलं ते ऐकून त्याला चूक म्हणायची माझी तरी तयारी नाही. नोव्हेंबरात धानाच्या नोंदणीची गर्दी होती आणि प्रिंटरचं टोनर संपत आलं होतं. पावती अर्धी फिकट निघे. पुन्हा छापायची तर पोर्टलवर पुन्हा जा, त्या शेतकऱ्याचा ओटीपी पुन्हा मागवा. "ओटीपी जाते पोराच्या मोबाइलवर, अन् पोरगा असते पुण्याले. फोन लावा, तो कामावर, उचलत नाही. तोवर सर्व्हर पडते." टिक केली की रांगेतली जुनी ओळ निवडायची, रीस्टार्ट म्हणायचं, कागद पुन्हा हजर. ना लॉगिन, ना ओटीपी, ना नेट. लाइन गेली, कागद अडकला, बाईला आणखी एक प्रत हवी असली, सगळ्यावर एकच उपाय. पोरानं बसल्या जागी एक सोय उभी केली होती आणि ती सात महिने बिनबोभाट चालली. तिचा खर्च कुठे जमा होतोय तेवढं दिसत नव्हतं.

मग एकसष्ट जीबी एवढे का, हा प्रश्न उरला. तीस-चाळीस पावत्यांची तेवढी ऐपत नाही. साध्या पावतीची एसपीएल फाइल दोन-चार मेगाबाइटच्या आत असते. नकाशातली रवाळ जाळी ती. पण ठसठशीत चौकोन शंभर-दीडशे मेगाबाइटचे होते, आणि त्यांची गर्दी मे-जूनमध्ये वाढलेली. ते काय आहेत हे एसएचडीतल्या नावांवरून कळलं. बहुतेक नावांत 'पंजी' होतं.

जातीच्या दाखल्यासाठी आणि पुढे वैधतेसाठी जुना पुरावा लागतो. अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, जमातींना ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा, विमुक्त जाती-भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा. गोंदिया जिल्हा झाला १ मे १९९९ ला. त्याच्या आधीचं सगळं भंडाऱ्याच्या नावानं, आणि १९५६ च्या आधीचं मध्य प्रांताच्या, म्हणजे पुढच्या मध्य प्रदेशाच्या कारभारातलं. आमच्याकडे या पुराव्याची पहिली जागा म्हणजे कोतवाल पंजी. गावात कोण जन्मलं, कोण मेलं, बापाचं नाव काय, जात काय, हे कोतवाल ज्या वहीत नोंदवून घेई ती वही. तिच्या नकला लोक घडी घालून, प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवून आणतात. कागद तपकिरी, शाई उडालेली, घडीवर अक्षर तुटलेलं. साध्या स्कॅनमध्ये नाव दिसत नाही आणि दिसलं नाही की अर्ज त्रुटी लावून परत येतो. म्हणून केंद्रचालक अशी पानं ६०० डीपीआयवर, रंगीत, स्कॅन करत होता, आणि अर्जाच्या फाइलीला लावायला तशीच्या तशी छापत होता. लेझर प्रिंटर काळा-पांढरा. पण स्पूलला त्याच्याशी देणं-घेणं नाही, त्यानं रंगीत चित्र पूर्ण उलगडून ठेवलं. १०४ मेगाबाइटचं जे गणित वर आलं, ते हेच पान. आजोबाची पंजी, पणजोबाची पंजी, दोघा भावांच्या दोन फाइली. एका घरानं दाखला काढला की अर्धा जीबी.

तिथून पुढचं काम सोपं. प्रिंट स्पूलर ही सेवा थांबवायची, फोल्डरातलं सगळं उडवायचं, सेवा पुन्हा सुरू करायची, टिक काढायची. सेवा न थांबवता उडवायला गेलं तर काही फाइली वापरात आहेत म्हणून नकार मिळतो. सगळ्याला चहा थंड होण्याइतकाही वेळ लागला नाही. पट्टी निळी झाली तेव्हा चालकानं खुर्ची मागे ढकलली आणि बाहेरच्या बाकड्याकडे बघून नंबर पुकारला.

उडवण्याआधी मात्र मी त्याला एक गोष्ट दाखवली होती. एक एसपीएल फाइल दुसरीकडे घेऊन एका साध्या बघण्याच्या प्रोग्रॅममध्ये उघडली. पडद्यावर कुणाचं तरी आधार कार्ड आलं, फोटो आणि क्रमांकासकट. त्यानं ती बाई ओळखली, सात महिन्यांपूर्वीची. केंद्रात त्यानं आधारच्या झेरॉक्सची रद्दी फाडून टाकायची शिस्त ठेवली आहे, भिंतीवर तशी पाटी आहे. आणि यंत्राच्या पोटात अर्ध्या तालुक्याचे दाखले एका कुलूप नसलेल्या खोलीत ठेवल्यासारखे पडले होते. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा त्याला ऐकून माहीत होता. आपल्या केंद्राशी त्याचा काही संबंध असेल असं वाटलं नव्हतं.

एसएसडीवरून पुसलेलं बहुधा लवकरच कायमचं जातं, कारण ट्रिम नावाची सोय मोकळ्या झालेल्या जागा तिला आतून झाडून घ्यायला सांगते. तबकडीच्या डिस्कचं तसं नाही, तिच्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत पुसलेलं परत काढता येतं. हे सांगताना मी विचारलं, जुनी ५०० जीबीची कुठे आहे? ती टेबलाच्या खणात होती, टोनरच्या रिकाम्या डब्यांबरोबर, 'बॅकअप' म्हणून. कसला बॅकअप, ते दोघांपैकी कुणाला सांगता येईना. तिच्यावर पासवर्ड नव्हता. त्या दिवशी तिला एक खोकं लावून बाहेरची डिस्क बनवली, कुलूपबंद केली, आणि लाडकीचं फोल्डर, जुने अर्ज तिच्यावर हलवले.

उडवायचं काय आणि ठेवायचं काय यावर मात्र आमची बरीच घासाघीस झाली. माझं म्हणणं, दाखला निघाला की मूळ स्कॅन उडवा. त्याचं म्हणणं, असं कसं? अर्ज त्रुटीत येतो तो कधी पंधरा दिवसांनी, कधी दोन महिन्यांनी. तेव्हा म्हातारा पुन्हा वीस किलोमीटरवरून पंजी घेऊन येणार का? पुढच्या वर्षी त्याच घरातली धाकटी पोरगी येते, तिलाही आजोबाची तीच पंजी लागते. त्याच्या हिशेबात ती फाइल म्हणजे कचरा नव्हे, गिऱ्हाईक परत येण्याची खात्री. यात तो चूक नाही. कॉम्प्युटरच्या दुरुस्तीवाल्याला रिकामी जागा प्रिय असते आणि केंद्रचालकाला भरलेली. शेवटी ठरलं ते असं की स्कॅन ठेवायचे ते बाहेरच्या डिस्कवर, घराण्याच्या नावानं आणि लोकांना विचारून. साधे कागद २०० डीपीआयवर, काळे-पांढरे. फक्त पंजी ३०० वर रंगीत, कारण ६०० वरून ३०० वर आलं की फाइल एक चतुर्थांश होते आणि अक्षर तेवढंच वाचता येतं. हे त्यानं स्वतः दोन्ही छापून, खिडकीच्या उजेडात धरून तपासलं आणि मगच मानलं.

निघताना त्यानं कोपऱ्यातल्या डीव्हीआरकडे बोट दाखवलं. याची डिस्क कशी भरत नाही? ती भरलेलीच असते, म्हटलं. दोन मेगाबिटच्या वेगानं एक कॅमेरा दिवसाला साडेएकवीस जीबी लिहितो. चार कॅमेरे एक टीबी बारा दिवसांच्या आत संपवतात. मग सगळ्यात जुनं पुसून त्याच जागी नवं लिहिलं जातं, कुणाला न विचारता. त्याला ही कल्पना भारी आवडली. कॉम्प्युटरलाही असं का लावत नाही? पंजीही जाईल मग, म्हटलं. तो हसला.

पुढच्या शनिवारी त्याचा फोन आला. मोकळी जागा सांगायची असं ठरलं होतं. दिवसाचा खर्च आता शंभर-दीडशे मेगाबाइटवर आला होता, आणि ते सगळे खरोखरच्या कामाचे. त्यानंतर ऑगस्टच्या सुरुवातीला पुन्हा आकडा पडायला लागला. आता त्याला कुठे बघायचं ते माहीत होतं. त्यानंच सांगितलं, "टिक मीच पुन्हा लावलो. फिकट निघाला का लोकायले पुन्हा ओटीपी मागाव लागते, ते नाही जमत."

मग मी त्याला तीन ओळींची एक फाइल करून दिली. स्पूलर थांबव, फोल्डर रिकामं कर, स्पूलर सुरू कर. टास्क शेड्यूलरमध्ये ती रोज रात्री नऊला लावणार होतो. त्यानं शनिवार संध्याकाळ मागितली. छपाईत काही चुकलं असेल तर माणूस आठवड्याच्या आत परत येतो, आणि रविवारी तसंही केंद्र बंद असतं.